जनगणना, रस्ता आणि गावकूस

मी इतिहास शिकवतो. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एक काम देतो : आपापल्या गावाची माहिती चार पानांत लिहून आणायची. बहुतेक मुले देवळाची आख्यायिका लिहितात, पाटलांच्या वाड्याचे वर्णन करतात आणि शेवटी लोकसंख्या व दळणवळण असे दोन परिच्छेद जोडतात. मध्यंतरी एका विद्यार्थिनीची वही माझ्यापुढे आली. तिने ग्रंथालयातल्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून आपल्या गावाची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली होती. एकूण कुटुंबे, पुरुष, स्त्रिया, अनुसूचित जाती, साक्षर. त्यापुढे प्राथमिक शाळा : आहे. पिण्याचे पाणी : आहे. पक्का जोडरस्ता : आहे. बस : आहे. रेल्वे स्थानक : दहा किलोमीटरपेक्षा दूर.

मी तिला विचारले, "तुमच्या घरापर्यंत रस्ता जातो का गं?"

ती म्हणाली, "नाही सर. गावापर्यंत आहे. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं."

"मग गावाला पक्का रस्ता आहे असं का लिहिलंस?"

"सर, पुस्तकात तसंच आहे."

मी तिला काही बोलू शकलो नाही. कारण शाळेत असताना 'माझा गाव' या निबंधात मीही हेच लिहिले होते. माझे गाव बार्शी तालुक्यातले. मी तो निबंध घरी मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा आजी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "आरं, रस्ता गावाला आला. आपल्याला कुठं आलाय?" मी तेव्हा हसलो होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तरीही शाळेत पाऊल न टाकलेल्या आजीला जे कळले होते ते कळायला मला एम. ए. व्हावे लागले.

गावाची लोकसंख्या आणि गावाचा रस्ता ही दोन कोरडी प्रकरणे समजली जातात. आमच्या चळवळीच्या लेखनातही पाणवठा, मंदिर, जमीन, स्मशान यांचा इतिहास पुष्कळ आला. आकडा आणि रस्ता यांचा फारसा आला नाही. या दोन गोष्टी एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत आणि दोन्ही गावकुसापाशी येऊन कशा थांबतात, हे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

१

मराठी गावाच्या वाहतुकीचा इतिहास बैलगाडीपासून सुरू करण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो महाराच्या पायांपासून सुरू केला पाहिजे. गाडीवाट नव्हती तेव्हाही गावाचा सांगावा दुसऱ्या गावी जात होता, वसूल तालुक्याला पोचत होता, सरकारी अंमलदाराचे सामान शिवेपर्यंत जात होते. हे सर्व कोण करीत होते? वतनी महार. वाट दाखवणे, टपाल नेणे, खजिन्याबरोबर चालणे, मर्तिकाची खबर नातलगांच्या गावी पोचवणे, मेलेले जनावर ओढून नेणे ही त्याची कामे. वेळ ठरलेली नाही, अंतर ठरलेले नाही. दारात हाक आली की हातात काठी घेऊन निघायचे. मोबदला म्हणून हाडकीची जमीन आणि बलुते, म्हणजे बहुतेक वर्षी घरोघर मागून आणलेली भाकर.

दुसरी गोष्ट याहून कमी सांगितली जाते. वेसकर वेशीवर बसे. गावात कोण आले, कोण गेले, परका माणूस कोणाकडे उतरला हे त्याला ठाऊक असावे लागे. म्हणजे कागदावरची गणती येण्यापूर्वी गावची माणसे ध्यानात ठेवणारा माणूसही तोच होता. गावाचे दळणवळण त्याच्या पायात होते आणि गावाची नोंद त्याच्या डोक्यात होती. राहायला मात्र तो गावाबाहेर होता.

इंग्रजी अमलात ही व्यवस्था मोडली असा समज आहे. तो खरा नाही. १८७४ च्या वतन कायद्याने ती लेखी झाली. महार सरकारचाही नोकर आणि गावाचाही नोकर, आणि दोघांपैकी कोणीही पोटभर देणारा नाही, ही त्यातली गोम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'तून महार वतनावर लिहिताना उघडी केली. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाल्यावरही शंभर वर्षे खेड्यातले टपाल आणि सामान महाराच्या डोक्यावरून जाणे कायद्याला मान्य होते.

१८८४ साली निघालेले सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे. त्यात लोकांचे प्रकरण वेगळे आणि रस्त्यांचे वर्णन व्यापाराच्या प्रकरणात वेगळे. महार पहिल्या प्रकरणात सापडतो, तेथे त्याचे राहणे, खाणे, पेहराव नोंदलेले आहे. रस्ता दुसऱ्या प्रकरणात सापडतो, तेथे मैल आणि माल मोजलेला आहे. ज्याच्या पायांवर वाहतूक चालली तो वाहतुकीच्या प्रकरणात येत नाही. ही विभागणी पुढच्या सगळ्या सरकारी कागदांनी उचलली.

२

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. आमच्या भागात छोटी गाडी आली ती १८९७ साली. तेव्हाच्या बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंत अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग बार्शी लाइट रेल्वे कंपनीने टाकला. १९११ साली ती लातूरला आणि १९२७ साली पंढरपूरमार्गे मिरजेला पोचली. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली. २००८ साली कुर्डुवाडी-बार्शी हा भाग मोठ्या मापाचा झाला. माझ्या लहानपणी ती छोटी गाडी मी पाहिलेली आहे. चढावर ती इतकी सावकाश जाई की पोरे उतरून पुन्हा चढत.

आगगाडीने जात मोडली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तिकिटावर जात छापलेली नव्हती. तिसऱ्या वर्गाच्या गर्दीत कोण कोणाला शिवले याचा हिशेब ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. कापसाच्या गिरण्या, गोदी, लष्कर, रेल्वेचे कारखाने येथपर्यंत आमच्या माणसांना याच गाडीने नेले आणि गावकीच्या जोखडातून पहिली पिढी मोकळी केली. पण गाडी स्थानकापर्यंतच नेते. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की पुढची वाट गावाची असते.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत सांगितलेले दोन प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजेत. पहिला साधारण १९०१ सालचा. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपाल होते. तेथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने तळ्याचे खोदकाम काढले होते. सुट्टीत वडिलांकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे असे साताऱ्याहून निघाले. आगगाडीत अडचण आली नाही. मसूर स्थानकावर उतरल्यावर मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, मुलांकडे पैसे होते, तरी कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे असे ठरले. शिदोरी जवळ होती. रात्रभर पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ चा. अस्पृश्यांवरील अन्यायांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. ते चाळीसगाव स्थानकावर उतरले. महारवाडा तेथून चालत जाण्याजोगा. पण पाहुण्याला पायी न्यायचे नाही म्हणून लोकांनी टांगा ठरवला. महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला कबूल होईना. मग टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेला एक वस्तीतलाच माणूस पुढे बसला. नाल्यावरच्या फरसबंदीत चाक अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले.

या दोन प्रसंगांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. नऊ-दहा वर्षांचा मुलगा आता बॅरिस्टर आणि कायदेमंडळाचा सभासद झालेला आहे. आगगाडीत दोन्ही वेळी अडचण नाही. अडले ते दोन्ही वेळी स्थानक आणि वस्ती यांच्यामधल्या वाटेवर. सरकारने टाकलेला मार्ग माणसाला प्रवासी समजत होता. गावाच्या हाती असलेली वाट त्याला जात विचारत होती. आमच्या वाहतुकीचा प्रश्न हा मैलांचा कधीच नव्हता. तो शेवटच्या काही पावलांचा आहे.

३

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी सरकारी मोटार धावली आणि एस. टी. सुरू झाली. पुढे 'गाव तिथे एसटी' हे महामंडळाचे ब्रीद झाले. दलितांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांच्या शेजारी एस. टी. च्या विद्यार्थी पासाला जागा दिली पाहिजे. मी स्वतः त्या पासावर शिकलो. तालुक्याच्या कॉलेजला नेणारी पहिली गाडी चुकली की पहिले दोन तास बुडत, म्हणून पावसाळ्यात चपला हातात घेऊन ओढा ओलांडायचा आणि पळत मारुतीच्या देवळाजवळचा थांबा गाठायचा. गाडीत मी कोणाही शेजारी बसे. थांब्याच्या ओट्यावर मात्र बसत नसे. तसे कोणी सांगितलेले नव्हते. आम्ही पोरे बसतच नव्हतो.

आता हा रस्ता केला कोणी, ते पाहू. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात विचारा, आठवण निघते. विहिरी आटल्या, जनावरे गेली, सुकडी खाऊन माणसे जगली. सरकारने दुष्काळी कामे काढली : पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणे, रस्ते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. रोजगार हमी योजना यातूनच उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तो १९७९ पासून अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने मान्य होण्याची ही मोठी गोष्ट, आणि तिच्या मुळाशी भूमिहीनांचे, त्यांतही बायकांचे श्रम आहेत.

आजी त्या वेळी तिशीत होती. सडकेच्या कडेला खडीचे ढीग मोजून घेत, ढिगाप्रमाणे पैसे. डाव्या हाताच्या दोन बोटांवरून हातोडी गेली ती नखे पुन्हा नीट आली नाहीत. त्या कामावर कुणबी होते, माळी होते, धनगर होते, मांग होते, आम्ही होतो. दुष्काळाने सर्वांना एका रांगेत बसवले होते. पाण्याचे पिंप तेवढे दोन होते. दोन वर्षांनी पाऊस पडला, जमीनवाले आपापल्या जमिनीवर परतले. खडीचा रस्ता वेशीपर्यंत आला आणि तेथे थांबला. पुढे डांबर पडले तेही तेथपर्यंतच. आजोबा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा भाड्याची जीप देवळाजवळ उभी राहिली आणि चौघांनी त्यांना बाजेवर घालून ओढ्यातून तेथवर नेले. ज्या सडकेपर्यंत त्यांना उचलून न्यावे लागले तिची खडी त्यांच्या बायकोने फोडलेली होती.

गावाने मुद्दाम अडवले का, असे मला लोक विचारतात. अडवायची गरजच पडली नाही. रस्ता 'गावापर्यंत' मंजूर होता आणि गाव कोठे संपते याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. इंजिनिअरच्या नव्हती, पाटलाच्या नव्हती, आणि खरे सांगायचे तर आमच्याही नव्हती.

४

आता आकड्याकडे वळू. आपल्या देशात पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, ती सर्वत्र एकाच वेळी झाली नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी ती नियमाने होत गेली. सर्व जातींची गणती होऊन आकडे प्रसिद्ध झाले ते १९३१ पर्यंत. स्वतंत्र भारतात १९५१ पासून अनुसूचित जाती आणि जमाती एवढ्यांचीच वेगळी मोजणी ठेवली गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले. १९५१ मध्ये साऱ्या देशात बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८१ हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे ३२ लाख ५० हजार झाली आणि त्यांपैकी सुमारे २७ लाख ९० हजार एकट्या महाराष्ट्रात होते. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगितलाच पाहिजे. पाच वर्षांत लाखो निरक्षर माणसांनी प्रगणकासमोर उभे राहून आपला धर्म आपल्या तोंडाने बदलून सांगितला.

या अभिमानाची किंमतही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत मोडण्यासाठी हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला तो १९९० साली. मधल्या १९६१, १९७१ आणि १९८१ या तीन जनगणनांत ज्याने धर्म बौद्ध सांगितला तो अनुसूचित जातीच्या रकान्यातून बाहेर पडला. राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या, परंतु जनगणनेचा रकाना केंद्राच्या यादीप्रमाणे भरला जात होता. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींची संख्या सुमारे ४४ लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या सात टक्क्यांच्या जवळपास होती. १९९१ साली ती सुमारे ८७ लाख ५८ हजार, म्हणजे अकरा टक्क्यांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! काही मंडळी यावरून 'त्यांची लोकसंख्या फार वाढते' असे बोलू लागली. वाढ माणसांची कमी आणि कागदाची जास्त होती. जी माणसे तीस वर्षे त्या रकान्याबाहेर उभी होती ती एका दुरुस्तीने आत आली.

राज्याच्या पातळीवर निदान बौद्धांचा आकडा तरी वेगळा दिसत होता. गावाच्या पातळीवर तोही दिसत नव्हता. जनगणना पुस्तिकेत गावाच्या ओळीत अनुसूचित जातीचा रकाना असतो, धर्माचा नसतो. समजा एका गावात महारांचीच वस्ती होती आणि साऱ्या वस्तीने बौद्ध असे लिहिले. त्या गावाच्या ओळीत अनुसूचित जातीखाली शून्य पडणार आणि बौद्ध कोठेच छापले जाणार नाहीत. वस्ती जागच्या जागी, चुली पेटलेल्या, पोरे शाळेत. पण गावाच्या ओळीत ती केवळ एकूण लोकसंख्येत विरघळून गेलेली. महारवाडा गावाबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेने आकड्यात मात्र आम्हांला गावात पुरते मिसळून टाकले. ज्या एका ठिकाणी वेगळे दिसणे आमच्या हिताचे होते, नेमके तेथेच आम्ही वेगळे दिसलो नाही.

५

आकडा आणि रस्ता यांची गाठ येथे पडते. रस्ता कोठे द्यायचा हे आकडा पाहून ठरते.

जनगणनेच्या ग्रामसूचीत एका गावाला एक ओळ. पक्का रस्ता आहे की नाही, बस येते की नाही, नसल्यास पाच किलोमीटरच्या आत, दहाच्या आत की त्याहून दूर. येथे गाव म्हणजे नकाशावरचा एक ठिपका आहे. ठिपक्याला आतबाहेर नसते. गावठाणापर्यंत डांबर गेले की साऱ्या गावापुढे 'आहे' पडते. घरांतल्या सोयी, म्हणजे नळ, वीज, संडास, यांचे तक्ते अनुसूचित जातींच्या कुटुंबांसाठी वेगळे काढले जातात. रस्त्याचे उत्तर मात्र साऱ्या गावाचे मिळून एकच.

दुसरे उदाहरण प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे. २५ डिसेंबर २००० रोजी ती सुरू झाली. सपाट प्रदेशात पाचशेवर आणि डोंगरी व आदिवासी भागात अडीचशेवर लोकसंख्या असलेल्या, रस्त्याने न जोडलेल्या वस्त्यांना बारमाही रस्ता देण्याची ही योजना. तिने हजारो खेडी जोडली, हे मान्यच केले पाहिजे. विशेष म्हणजे तिने 'गाव' हे एकक न धरता 'वस्ती' हे एकक धरले. हा बदल मोलाचा होता. पण न जोडलेली वस्ती कोणती? जी बारमाही रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून सपाट भागात निदान पाचशे मीटर दूर आहे ती. त्याच्या आत असलेली वस्ती जोडलेलीच समजायची.

आता आपल्या डोळ्यांसमोर कोणतेही मराठी गाव आणा. महारवाडा, मांगवाडा गावापासून किती दूर असतो? हाक मारली की ऐकू जावी इतका जवळ आणि विटाळ होऊ नये इतका दूर. हे अंतर कोण्या एका माणसाने ठरवले नाही. वेठ आणि विटाळ या दोन गरजांनी ते ठरवले आहे. वेठीसाठी माणूस जवळ हवा, विटाळासाठी दूर हवा. असे हाकेचे अंतर पाचशे मीटरच्या आतच भरते. ज्या मापाने आम्हांला गावाबाहेर ठेवले त्याच मापाने सरकारी नियमात आम्ही गावाला जोडलेले ठरलो. नियम करणाऱ्याच्या मनात काळे होते असे मी म्हणत नाही. दोन डोंगरवस्त्यांतले अंतर त्याच्या डोळ्यांपुढे असावे. पाचशे मीटरमध्ये ओढाही असतो, कोणाच्या तरी मालकीचा बांधही असतो आणि हजार वर्षेही असतात, हे त्याला दिसले नाही.

उरतो तो राज्याच्या दलित वस्ती सुधारणेचा निधी. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या वस्त्यांत रस्ते, गटारे, पाणी यांसाठी हा निधी वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार मिळतो. म्हणजे पुन्हा आकडा. वस्तीत माणसे किती, हे कोण मोजतो आणि कधी मोजतो? जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते, १ मार्चला ती पक्की होते. बार्शी, धाराशिव, बीड या पट्ट्यात फेब्रुवारीत वस्तीत जाऊन पाहा. निम्म्या दारांना कुलपे असतात. धडधाकट माणसे ऊसतोडीला, कारखान्याच्या आवारात कोप्यांत. घरी म्हातारी आणि शाळेची पोरे. जो प्रगणक कोप्यांपर्यंत चालत जाईल त्याच्या कागदावर ही माणसे येतील, तीही दुसऱ्या गावच्या खात्यावर. आपल्या गावच्या ओळीत ती नसतील, आणि रस्ता त्या ओळीवरून ठरणार.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्य आहे. पाटीवर जात असू नये. पण समतानगरला जाणारी वाट ओढ्यातून जात असेल तर पाटी बदलून वाट बदलत नाही.

६

२०२१ ची जनगणना झाली नाही. १८८१ पासूनची दहा वर्षांची साखळी प्रथमच तुटली आणि २०११ च्या आकड्यांवर गावांचे हिशेब पुढे चालू राहिले. आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून जनगणना करण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद जनगणनेत करण्याचा निर्णय झाला. जातीच्या नोंदीवर आपल्यात मतभेद आहेत. ज्या जातीतून बाहेर पडलो ती पुन्हा तोंडाने का उच्चारायची, हा प्रश्न माझ्या वडिलांचा आहे आणि तो हलका नाही. मी त्यांना एवढेच सांगतो की १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्म बौद्ध आणि यादीतली जात अशा दोन्ही नोंदी एकत्र राहू शकतात. एक नोंद आपण कोण झालो ते सांगते, दुसरी आपल्यावर काय लादले होते ते सांगते. दुसरी गाळली तर १९६१ ते १९८१ चे शून्य आपण आपल्या हाताने पुन्हा लिहू.

हा अंक वाचणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत, आणि प्रगणक म्हणून घरोघर जाणारे बहुधा शिक्षकच असतात. त्यांना माझी विनंती आहे. मोजणी देवळाच्या ओट्यावर बसून, कोतवालाला विचारून पुरी करू नका. ओढा ओलांडा. कुलूप दिसले तर माणसे कोठे गेली ते शेजारी विचारा. धर्म आणि जात घरच्या माणसाच्या तोंडून ऐका, आडनावावरून भरू नका. कार्यकर्त्यांनी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना आधी समजावून ठेवावे की कोपीवर प्रगणक आला नाही तर त्याला बोलावून आणायचे. आणि विद्यार्थ्यांनी गावाचा इतिहास लिहिताना जनगणनेच्या ओळीपाशी न थांबता रस्ता जेथे संपतो तेथून पुढे मोजायला सुरुवात करावी. ग्रामसभेत ठराव मांडायचा तर असे मोजलेले अंतर हातात हवे.

त्या विद्यार्थिनीला मी वही परत दिली होती. पुढच्या आठवड्यात तिने ती आणून दिली. 'पक्का जोडरस्ता : आहे' ही ओळ तिने खोडली नव्हती. तिच्यापुढे लिहिले होते : 'ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत. तेथून आमच्या वस्तीपर्यंत तीनशे चाळीस पावले. मध्ये ओढा. पावसाळ्यात वाट बंद.' त्याखाली वस्तीतल्या घरांची संख्या आणि प्रत्येक घरात किती माणसे, हे तिने घरोघर जाऊन लिहून आणले होते. त्यांतली किती माणसे ऊसतोडीला गेली आहेत त्याचा रकाना वेगळा होता.

मी तिला पूर्ण गुण दिले. या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या गावी जाणार आहे. मारुतीच्या देवळापासून आमच्या घरापर्यंत किती पावले होतात हे मी आजवर मोजलेले नाही.